मागचं कापड

चित्रकलेच्या बाईंचा हट्ट एकच, आणि तो त्यांनी एकतीस वर्षं सोडला नाही. "जे दिसतं ते काढा. माहीत आहे ते काढू नका." लिंबू पिवळं असतं हे माहीत आहे ना? विसरा! खिडकीच्या बाजूने ते पांढरं दिसतंय, खालून वांग्याचा जांभळा त्याच्या अंगावर आलाय, तो काढा. कुणी सावलीला काळा खडू लावला की बाईंचा पारा चढलाच. "काळी? कुठे आहे काळी? ये इकडे, दाखव मला!" पोर बिचारं टेबलापाशी जाऊन डोळे फाडून बघायचं आणि खरंच की, सावली जांभळट निघायची.

आणि डोळे जायचे ते नेमके याच बाईंचे! आता याला काय म्हणायचं? मागच्या वर्षी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, डोळ्यामागची नस सुकत चालली आहे, थेंब घालून आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही. आधी गेले निळा आणि हिरवा. दोघांचा मिळून एकच मळका राखाडी झाला. निवृत्तीला दोन वर्षं होती. शाळेत कळलं असतं तर मुख्याध्यापिकांनी बाईंना मोठ्या मानाने उचलून वाचनालयात नेऊन बसवलं असतं, आणि पोरांशिवाय बाई तिथे आठ दिवस तग धरत्या तर शपथ. म्हणून नवऱ्याखेरीज कुणाला त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता.

त्यांचं निभत होतं ते मोजण्यावर. वर्गात सगळ्यांकडे शाळेनेच दिलेले ऑइल पेस्टलचे सारखे डबे, आणि बाईंचा नियम कडक: खडू वापरला की पुसायचा आणि आपल्या खाचेत ठेवायचा. पांढऱ्यापासून मोजलं की नववा हिरवा, अकरावा निळा. चित्रासाठी मांडलेल्या वस्तूंच्या मागे पसरायची कापडंही घरच्या कपाटात तशीच रचलेली, वर तांबडं, मग निळं, तळाला हिरवं. बोटांनी मोजायचं आणि छातीठोकपणे बोलायचं. वर्षभर कुणाला शंका आली नाही.

त्या दिवशी पाचवीचा तास होता. बाईंनी पिशवीतून कापड काढून टेबलावर पसरलं, पुढे चिनीमातीचा जग, दोन लिंबं, एक वांगं मांडलं. "हे बघा, मागे निळं कापड. फिके रंग आधी, गडद नंतर. आणि पिवळ्याचं तोंड पुसून घ्या, नाहीतर लिंबू मळेल."

वर्ग एकदम गप्प झाला. बाईंना वाटलं, चला, आज लक्ष आहे पोरांचं.

फिरत फिरत त्या मुंगीपाशी आल्या. मुंगी हे नाव बाईंनीच ठेवलेलं. वर्गात सगळ्यात लहानखुरी, कामाला सगळ्यात सावकाश, पण बघायची अशी की बाईंचा जीव सुपाएवढा व्हायचा. बाईंनी सवयीने तिच्या डब्यावरून बोट फिरवलं. नववी खाच रिकामी.

"हिरवा कशाला काढलास गं?"

"कापडाला, बाई."

"निळ्या कापडाला हिरवा? वर्षभर काय डोंबल शिकवलं मी? जे दिसतं ते काढ!"

मुंगीने कापडाकडे बघितलं, मग बाईंच्या तोंडाकडे, मग परत कापडाकडे. "पण बाई..."

"पण नाही नि बिण नाही."

हा रंग काही खोडरबराने जात नाही. मुंगी खाली मान घालून नखाने कागद खरवडत बसली. मग हिरवा खडू पुसून खाचेत ठेवला आणि निळा उचलला. पाठोपाठ सगळ्या बाकांवरून खडू खाचेत पडल्याचे आवाज आले. बाई खूश झाल्या, काय टापटीप शिकली आहेत कार्टी!

संध्याकाळी नवरा दोरीवरचे कपडे काढता काढता म्हणाला, "अगं, आज हिरवं नेलंस वाटतं? निळं तर काल मी धुतलं, हे बघ इथेच आहे. सांगायचं राहिलंच."

बाईंनी निळं कापड त्याच्या हातातून घेतलं. "अहो, ती पोर बरोबर होती हो. मी तिला खरं खरवडायला लावलं."

"उद्या सांगून टाक. हसतील आणि विसरतील."

हसली असती तर काय हवं होतं! नवऱ्याने दोनदा खात्री करून हिरवं कापड पिशवीत घातलं. दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी ते पुन्हा टेबलावर मांडलं आणि म्हणाल्या, "काल माझं चुकलं. हे कापड हिरवं आहे."

"हो बाई, हिरवं!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

फार पटकन म्हणाला. बाईंनी मुद्दाम शब्द फिरवला. "थांबा. निळंच आहे, नाही का?"

"हो बाई, निळं."

कुणी हसलं नाही, कुणी कुणाला कोपर मारलं नाही.

"अरे, कापडाकडे बघा ना रे!" बाईंचा आवाज फुटला. पण कापडाकडे कोण बघतंय? सगळी बाईंच्या तोंडाकडे बघत होती, आजारी माणसाकडे बघतात तशी.

बाई मुंगीच्या बाकापाशी गेल्या. "तू तरी सांग गं. तुला काय दिसतं?"

मुंगी डब्यावर हात धरून थांबली. नखात कालचा रंग अजून असणार, पण तो बाईंना कुठला दिसायला!

"तुम्हाला काय दिसतं ते सांगा ना, बाई," ती अगदी हळू म्हणाली. "मी तेच काढते."

बाईंनी कापडाकडे बघितलं. एकतीस वर्षं जे सांगितलं त्याच्या विरुद्ध त्यांना बोलता येईना.

"राखाडी," त्या म्हणाल्या.

मुंगीने राखाडी खडू उचलला. तिच्या मागोमाग सगळ्या वर्गाने उचलला, आणि बाईंना काही त्यांना थांबवता आलं नाही.