आधी बोट, मग तांब्या

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी उरणला आमच्या स्वयंपाकघरात दूध तापवत होते. आदल्याच संध्याकाळी श्रीवर्धनहून परतले होते. सतरा दिवस त्यांच्या उशाशी बसले आणि अठराव्या दिवशी त्यांनीच मला घालवलं. "जा गो आता घरी, पुरे झालं," म्हणाल्या... आणि मी आले. सकाळी फोन. दूध उतू गेलं ते गेलंच. मनात पहिलं आलं ते हे, की सुटल्या बाई एकदाच्या. आणि पाठोपाठ दुसरं, की एक दिवस थांबले असते तर माझं काय बिघडलं असतं? पहिल्या विचाराची लाज वाटली, दुसरा काही केल्या पाठ सोडीना.

मालतीवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी रेवदंड्याची, नोकरदार घरातली; झाडं लावायची कशी ते मला माहीत नव्हतं. लग्न होऊन श्रीवर्धनला आले तर दारात सुपारीची वाडी. दिवसाआड शिंपणं, प्रत्येक झाडाचं आळं काठोकाठ भरायचं. ते पाहून मी शहाणीने पडवीतल्या अबोलीच्या कुंडीलाही तसंच काठोकाठ पाणी द्यायला सुरुवात केली. आठवड्यात अबोलीने मान टाकली. मला वाटलं तहानली, म्हणून आणखी एक तांब्या. वहिनींनी माझा हात धरला आणि माझंच बोट दोन पेरं मातीत खुपसलं. आत नुसता चिखल. "तहानलेलं झाड नि बुडणारं झाड, दोन्ही मान सारखीच टाकतात. आधी बोट घाल, मग तांब्या उचल." सासूबाईंना मात्र त्यांनी सांगितलं, की उंदराने मुळं खाल्ली. सासरी माझं पहिलं पाप असं उंदराच्या नावावर गेलं, आणि त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

तोंडाने त्या काही गोड नव्हत्या. मी केलेल्या आमटीचं "मीठ बरं आहे" एवढंच कौतुक आयुष्यभरात मिळालं, तेही दोनदा. आमची भांडणंही भरपूर झाली. पण पुढे आम्ही उरणला बिऱ्हाड केलं तरी माझं बाळंतपण असो नाहीतर ह्यांचं आजारपण, दार उघडावं तर पिशवी घेऊन वहिनी उभ्या. काम झालं की लगेच परत निघायच्या. आणखी दोन दिवस राहा म्हटलं तर म्हणायच्या, "माणूस हवंसं वाटतंय तोवर निघावं."

मग ते वादळ आलं. एका दुपारीत वाडी आडवी झाली. मागच्या दारचा अनंतही मुळासकट उन्मळला, दादांनी त्यांच्या लग्नाच्या वर्षी लावलेला. दादा म्हणजे माझे थोरले दीर, वहिनींचे यजमान. झाडं पडल्यावर ते पायरीवर बसले ते दोन दिवस तिथून हललेच नाहीत. वहिनींनी त्यांची समजूत वगैरे काढली नाही. पडलेल्या अनंताची एक फांदी कापली, रंगाची रिकामी बादली शोधली, तापल्या सळईने तिला तळाला भोकं पाडली आणि फांदी लावून ती बादली दादांच्या खुर्चीशेजारी आणून ठेवली. दुसऱ्या वर्षी त्या बादलीत पांढरंशुभ्र फूल आलं, तेव्हा दादा शेजारच्या चार घरी जाऊन सांगून आले.

तेव्हापासून एक नेम झाला. दादांना पाणी प्यायचा भारी कंटाळा. सकाळी वहिनी तांब्या भरून आणायच्या. अर्धा दादांनी त्यांच्यासमोर प्यायचा. मग त्या बादलीत बोट घालायच्या. माती कोरडी असली तर उरलेलं पाणी अनंताला, ओली असली तर तेही दादांनाच. "ओलंच असणार, माझं नशीब," असं दादा कुरकुरायचे आणि प्यायचे.

वहिनी गेल्यावर मी पुन्हा श्रीवर्धनला गेले ती राहिलेच. भेटायला येणारी माणसं पडवीत बसायची. पाणी दिलं की दोन घोट घ्यायची आणि उठताना भांड्यातलं उरलेलं त्या बादलीत ओतायची. वहिनींचं झाड ना... प्रत्येकाला वाटायचं, तेवढंच आपल्या हातून. दादा सकाळचा अख्खा तांब्या त्यात रिकामा करायचे, स्वतः थेंबही घ्यायचे नाहीत. आणि मी? चिखल पडवीभर होऊ नये म्हणून बादलीखाली जुनी परात सरकवून ठेवली. तेरावं होईस्तोवर पानं पिवळी पडली होती, कळ्या काळ्या होऊन गळत होत्या. कोणीतरी म्हणालं, झाडाने धसका घेतलाय. ते नेमकं दादांनी ऐकलं. त्या दिवशी त्यांनी पुढ्यातलं ताट सरकवलं.

"तेही निघालं तिच्यामागे," म्हणाले. "मग आपलं तरी काय राहिलंय इथं..."

पुढचे दोन दिवस पेजेच्या चार घोटांवर गेले. ऐंशीच्या घरातलं शरीर, ते किती दिवस तग धरणार? मला भीती वाटू लागली. आता झाडच वाचवायला हवं म्हणून मी काय करावं? तांब्या भरला. बादलीपाशी गेले, ओतणार तोच हात थांबला. बोट मातीत घातलं. गार, लिबलिबीत गाळ, आणि बोटाला मोरीसारखा वास. बादली उचलून पाहिली तर उचलेना. खालची परात तुडुंब, तिच्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. मला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, पण ते सुटल्याचं रडू होतं.

"दादा, हे दुःखाने नाही वाळत," मी म्हटलं, "आपण सगळ्यांनी मिळून बुडवलंय ह्याला."

ते उठून आले. आयुष्यभर झाडं सांभाळलेला माणूस, तो चिखल पाहिल्यावर बसून राहणं त्यांना जमलंच नसतं. गोणपाटावर झाड उलटं केलं. कुजकी काळी मुळं शिजलेल्या शेवयांसारखी हातात येत होती. दादा कात्रीने ती काढत गेले, आतली पांढरी मुळं राखत गेले. "जीव आहे गो ह्यात," असं हळूच म्हणाले. भोकं गाळाने बुजली होती, ती पुन्हा पाडली. तळाला कौलांचे तुकडे, वर वाडीतली भुसभुशीत माती, नारळाच्या सोडणाचा भुगा. अर्ध्या फांद्या छाटल्या. सावलीत ठेवलं आणि ठरवलं, दादांनी रोज बोट घालून बघायचं, ते "कोरडं" म्हणत नाहीत तोवर पाणी नाही.

काहीच न करणं किती अवघड असतं ते त्या दिवसांत कळलं. दादा रोज तांब्याकडे बघायचे, बोट घालायचे आणि "ओलं" म्हणून परत बसायचे. मीही बसायचे आणि माझे सतरा दिवस आठवायचे. दर तासाला मोसंबीचा रस, दर तासाला पेज, नाही म्हणाल्या तरी चमचा पुढे. वहिनींनी मला घालवलं नव्हतं. त्यांना पुरेसं झालं होतं, आणि तसं त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलंही होतं. मी कमी पडले नव्हते. हे इतकं साधं कळायला मला एक बादली उपसावी लागली.

तिसऱ्या आठवड्यात छाटलेल्या फांदीच्या पेरावर तांदळाएवढा हिरवा कोंब दिसला. त्या दिवशी दादांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मग मी बॅग भरली. माणूस हवंसं वाटतंय तोवर निघावं.

आता रोज सकाळी सातला उरणला फोन वाजतो. ज्या माणसाने जन्मात आपणहून कधी फोन केला नाही, ते दादा एकच शब्द बोलतात, "ओलं," आणि ठेवतात. काल म्हणाले, "कोरडं." मग ठेवलाच नाही. पडवीतला तांब्या खाली ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला.

"अर्धा झाडाला घातला," म्हणाले. "अर्धा मी आधीच प्यायलोय."