नापासांचे कागद

भिजलेल्या मेथीचा वास आला की मला देवपूरमधली ती भाड्याची खोली आठवते. राज्यसेवेच्या परीक्षेसाठी मी चोपड्याहून तिथे येऊन राहिले होते आणि नव्वदच्या आसपासच्या एका उन्हाळ्यात तिसऱ्यांदा नापास झाले. वडिलांनी तीनच वर्षं दिली होती. गावी परतायच्या आदल्या सकाळी मी सरावाच्या सगळ्या उत्तरपत्रिका जाळायला अंगणात नेल्या, तर घरमालकीण अक्का पाट्यावर मेथी वाटता वाटता म्हणाली, "जाळू नको माय, बठ्ठा कागद मना जोडे आन." तिला त्या सगळ्या कागदांच्या लगद्यात ती मेथी कालवून टोपली थापायची होती. आम्ही दोघी हौदाशी बसून कागद फाडू लागलो. रडू येऊ नये म्हणून मी तिला कुठेसं वाचलेलं सांगत बसले. कोरियात पूर्वी राजाच्या नोकरीसाठी अशीच परीक्षा व्हायची. पेपरावरचं नाव झाकायचे, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकून तो तांबड्या शाईने उतरवून काढायचे, आणि नापासांचे कागद सरहद्दीवरच्या सैनिकांच्या कपड्यांत थंडीसाठी भरायचे. अक्काचे हात थांबले. "आन् जे पास व्हयनात, त्यासना कागद?" "पास झालेल्यांचे जपून ठेवत असतील," मी म्हटलं. "मंग त्या काय कामना, काय उपेग त्यासना," म्हणत तिने माझं पंचायतराज पाण्यात दाबलं. वाळल्यावर अक्काने गावी पाठवलेली ती टोपली आज माझ्या स्वयंपाकघरात आहे, आणि भाकरी तिच्यात अजून ऊबदार राहतात.