मांडवातला प्रश्न

धारूरजवळ भरणाऱ्या आमच्या समता शिबिरात मी मुलींची ताई होते. तिथं कुणी आडनाव सांगायचं नाही, हा नियम मीच घातला होता. एका वर्षी दोन मुलींची फार मैत्री जमली. एक माझ्याच भावकीतली, मोठ्या बागायतदाराची लेक. दुसरी शेजारच्या गावातल्या बौद्ध कुटुंबातली. सात दिवस दोघी एकाच ताटात जेवल्या.

पुढं पहिलीचं लग्न ठरलं. तिनं हट्टानं मैत्रिणीला बोलावलं. मांडवात ती मैत्रीण आणि मी शेजारी जेवायला बसलो. वाढता वाढता नवरीच्या चुलत्यानं तिला विचारलं, "आडनाव काय गं तुझं?"

तिनं सांगितलं.

"मग तू तिकडच्या पंगतीला बस, पोरी. लोक बघत्यात."

तिनं माझ्याकडं पाहिलं. चुलते वडीलधारे, मला लहानपणापासून ओळखणारे. मी पानातल्या भाताकडं बघत राहिले. ती उष्ट्या हातानं उठली आणि मांडवाबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, काका बोलले त्याचं न्हाई काही. तसं ऐकायची सवय हाय आमाला. तुमी कावून गप बसलात?"

ती पुन्हा शिबिराला आली नाही.

महिन्याभरानं नवरीचा सासरहून फोन आला. "ती न भेटताच कशी गेली हो, ताई?"

"डोकं दुखत होतं तिचं," मी म्हणाले.