एप्रनच्या खिशातला गूळ

आमच्या शाळेच्या सिस्टरांच्या एप्रनला मुंग्या लागायच्या. एप्रन पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा, आणि उजव्या खिशाच्या कडेनं तांबड्या मुंग्यांची रांग. सिस्टर एका हातानं त्या झटकायच्या आणि दुसऱ्या हातानं समोरच्या पोराचा कान तपासायच्या. मागं सगळी शाळा त्यांना 'मुंगीसिस्टर' म्हणायची आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "मुंगी चावती, पर कामाची असती," म्हणायच्या आणि पुढचा कान धरायच्या.

सरकारी दवाखान्यात उभी हयात काढून निवृत्त झाल्यावर त्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या शाळेत आल्या. जिन्याखालची खोली त्यांना मिळाली. तिथं एक खाट, एक वजनकाटा आणि दुसरीकडं जागा नाही म्हणून खेळाच्या सरांनी ठेवलेलं फुटबॉलचं जाळं. सिस्टर मूळच्या कुरुंदवाडच्या. आपल्याकडच्या बायकांसारखंच 'मी येतो, मी बघतो' असं बोलायच्या आणि आवाज असा की जिन्याखालनं हाक मारली तर गच्चीवरची कबुतरं उडायची.

पेठेत फुटबॉलचा सामना असला की आठवीच्या निम्म्या वर्गाचं पोट दुखायचं. सिस्टर कुणालाच खोटं ठरवायच्या नाहीत. कडूजहर काढेचिराइताचा पेला पुढं करायच्या. "पी. प्यालास की लगीच घरी सोडतो." पेल्याचा नुसता वास आला तरी बहुतेकांना आराम पडायचा. एकदा एका पठ्ठ्यानं डोळे मिटून एका दमात पेला रिकामा केला. सिस्टरांनी शब्द पाळला. "एवढं कडू पिऊन निघालायस म्हंजे मॅच तशीच असणार. येताना स्कोर सांगून जा," म्हणाल्या.

पण एखादं पोर कोपऱ्यात मुकाट बसलेलं असलं की त्या सगळ्या रांगेला बाजूला सारून आधी त्याच्याकडं जायच्या. "खोटं दुखणं लै बोलतंय. खरं दुखणं गप बसतंय," हे त्यांचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. त्याची नक्कलही आम्ही बरी करायचो.

जंताच्या गोळीच्या दिवशी तर बघायलाच नको. गोळी गालात दाबून नंतर गटारीत थुंकायची, ही आमची परंपरा. सिस्टर गोळी देऊन प्रत्येकाला जोरात "चांगभलं!" म्हणायला लावायच्या. गालात गोळी ठेवून ते म्हणता येत नाही. येत असेल तर करून बघा. त्या दिवशी शाळेत अशा आरोळ्या चालायच्या की रस्त्यानं जाणाऱ्यांना आज पालखी आहे की काय असं वाटायचं.

सातवीत मला साखरेचा आजार निघाला. लहानपणी होतो तो, रोज इंजेक्शन लागणारा. आईला वाटत होतं कुणाला कळू नये, पोरीची जात, उद्या लग्न व्हायचंय. हेडसरांना वाटत होतं मी घरीच बसावं. "शाळेत काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" असं ते आईला विचारत होते, आणि आई पदराशी चाळा करत उभी होती. माझी तर रडून रडून पुरेवाट झाली होती. शाळा सुटली की मैत्रिणी सुटल्या, मुलींच्या फुटबॉल संघातली माझी जागा सुटली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी घेतो की!"

सिस्टरांनी लपवालपवी साफ उडवून लावली. दुसऱ्या दिवशी वर्गात उभं करून सगळ्यांना सांगितलं, "ही आपली सायली. हिच्या अंगात साखर जिरत न्हाय. हिला गोड द्यायचं न्हाय, आन कुणी दिलं तर मला सांगायचं." झालं! आमच्या वर्गाला जणू सरकारी हुकूम मिळाला. वाढदिवसाचं चॉकलेट माझ्या हातात पडायच्या आत नाहीसं व्हायचं. माझी जिवलग मैत्रीण सुप्री तर माझ्या डब्याचं झाकण उघडून वास घ्यायची. कोल्हापूरकरानं एकदा जीव लावला की समोरच्याला श्वास घ्यायलाही जागा ठेवत नाही.

मग आला पंधरा ऑगस्ट. आपल्याकडं त्या दिवशी झेंड्याला सलामी आणि घरी जिलबी, दोन्ही सारखंच महत्त्वाचं. सकाळी इंजेक्शन घेऊन मी आले. प्रभातफेरी लांबली, भाषणं त्याहून लांबली आणि नाश्त्याची वेळ टळून गेली. मैदानात जिलबीचं वाटप सुरू झालं तेव्हा माझे हात थरथरत होते, घामानं अंग भिजलं होतं, समोरची रांग पुसट दिसत होती. इंजेक्शननंतर खाणं झालं नाही की साखर एकदम कमी होते, अशा वेळी काहीतरी गोड लगेच पोटात जावं लागतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी जिलबीकडं हात नेला.

सुप्रीनं तो हात धरला. "काय करायलाईस? तुला गोड चालत न्हाय!" मला बोलायचं होतं, जीभ वळेना. मी दुसरा हात पुढं केला, तर तो आणखी दोघींनी धरला. "सोडू नका गं तिला!" असं ओरडत वर्गच्या वर्ग मला जिलबीपासून वाचवत होता.

सिस्टर मैदान ओलांडून पळत आल्या. त्या वयात, साडी गुडघ्यापर्यंत धरून. त्यांनी पोरींना दूर लोटलं, मला मांडीवर टेकवलं आणि जिलबी मोडून तोंडात घातली. "चाव बाळा, चाव. गिळ." थोड्या वेळानं मला झेंडा नीट दिसायला लागला. त्याच्याखाली सुप्री हमसून हमसून रडत होती.

हेडसर म्हणाले, "बघितलंत? आता हिला घरीच..."

"चूक पोरींची न्हाय सर, माझी हाय," सिस्टर म्हणाल्या. "मी अर्धंच सांगितलं. आन पोरीला घरी बसवलं म्हणून आजार घरी बसतोय व्हय? दिवाळीपर्यंत बघा. न्हाय जमलं तर मग तुमचं खरं."

त्या दिवसापासून त्यांच्या खिशात गूळ आला आणि एप्रनला मुंग्या आल्या. वर्गावर्गात जाऊन त्यांनी राहिलेलं अर्धं शिकवलं. घाम, थरथर, पोरगी अचानक गप झाली, की गुळाचा खडा तोंडात. "शुद्धीत असंल तरच. नसंल तर तोंडात कायबी घालायचं न्हाय, बोंबलत माझ्याकडं यायचं." मुलांनी चड्डीच्या खिशात, मुलींनी कंपासपेटीत गूळ ठेवायला सुरुवात केली. दिवाळीच्या सुट्टीआधी हेडसरांच्या ड्रॉवरलाही मुंग्या लागल्या, तेव्हा मी ओळखलं, की माझी शाळा राहिली. संघातली जागाही राहिली.

मी दहावी झाले आणि त्याच वर्षी सिस्टर कुरुंदवाडला परतल्या. फोनवर माझा आवाज ऐकला की पहिला प्रश्न "जेवलीस का?" आणि दुसरा "खिशात हाय का?"

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी वर्गाच्या ग्रुपवर सुप्रीचा निरोप आला. सिस्टर गेल्या. रक्षाविसर्जनाला आम्ही पाचसहा जण कुरुंदवाडला गेलो. सुप्री आता शिरोली एमआयडीसीत नोकरीला आहे, तिच्याच गाडीतून. रस्ताभर आम्ही काढेचिराइताच्या आणि चांगभल्याच्या आठवणी काढून हसत होतो. घाटावर पोचलो, समोर नदी दिसली आणि मला पुढं काही बोलताच येईना. मी पायरीवर खाली मान घालून बसून राहिले.

"सायले?" सुप्रीचा आवाज आला. "गप का झालीस गं?"

मी मान वर केली. सुप्रीच्या तळहातावर गुळाचा खडा होता. तिच्या मागून दुसरा हात आला, मग तिसरा. एकानं पँटच्या खिशातून काढलेल्या खड्याला पुडीचा कागद चिकटला होता. सुप्रीच्या मनगटावरून एक तांबडी मुंगी चालली होती.

माझी साखर कमी झालेली नव्हती. मला नुसतं रडू येत होतं. पण ते मी कुणाला सांगितलं नाही. तोंड उघडलं आणि गूळ खाल्ला.