कडूबाईची अंधारखोली

आपल्या नवऱ्याची हाडं पाहिली, तिथून कडूबाईच्या आयुष्याला वेगळीच वाट फुटली.

पाथर्डीकडची ही माणसं. जमीन होती, पण पाऊस आला तरच ती आपली. एरवी दिवाळी सरली की कोयता घेऊन उसाच्या मुलखात उतरायचं. एकाहत्तरच्या हंगामात सोनईच्या पुढं उसाच्या मोळ्या चढवताना तिचा नवरा गहिनीनाथ घसरला आणि भरल्या गाडीचं चाक त्याच्या नडगीवरून गेलं. त्याला नगरच्या दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खिडकीच्या उजेडात एक काळा, पारदर्शक कागद धरला आणि कडूबाई बघतच राहिली. ज्या पायाला तिनं आजवर तेल चोळलं होतं, तो आतून असा होता तर. पहाटेच्या धुक्यात बाभळीची फांदी दिसावी तसा. मध्येच मोडलेला.

पाय जुळला, पण ऊसतोडीच्या कामाचा राहिला नाही. गहिनीनाथ नागापूरला एका नव्या कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसला आणि कडूबाई त्याच दवाखान्यात झाडलोटीला लागली.

एक्स-रे काढायचे ते रंगनाथअण्णा. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. धुतलेल्या फिल्मा ते व्हरांड्यातल्या तारेला चिमट्यांनी टांगत. वारा आला की कुणाच्या बरगड्या, कुणाचा पंजा हळूहळू डोलायचा. कडूबाईचा झाडू त्या तारेखाली आला की आपोआप थांबायचा.

एका दुपारी अण्णांनी विचारलं, "काय दिसतं गं तुला त्यात?"

ती ओशाळली. "काय न्हाई, अण्णा. चांदण्यात नदीचं पात्र बघावं, तसं वाटतं."

अण्णांनी तारेवरची एक फिल्म सरळ केली. मग म्हणाले, "हे तर झाल्यावरचं. होताना बघ एकदा. झाडू ठेव, आत ये."

आत दिवसाढवळ्या काळोख होता. कोपऱ्यात एक लाल दिवा, राख धरलेल्या निखाऱ्याइतकाच उजेड देणारा. औषधाच्या पाण्याचा आंबूस वास. अण्णांनी नुकताच एक्स-रे घेतलेली, अजून कोरी दिसणारी फिल्म त्या पाण्याच्या हौदात सोडली, जराशानं वर उचलली. काहीच नव्हतं. पुन्हा सोडली, पुन्हा उचलली. आणि मग कुठूनसा एक हात येऊ लागला. आधी बोटं, मग मनगट. लांबच्या गावाहून कुणी चालत यावं तसा तो येत राहिला. कडूबाई हौदावर वाकली.

बहात्तरचं साल कोरडंच गेलं. दुष्काळी कामावर खडी फोडणारी, दगड वाहणारी माणसं दवाखान्यात येऊ लागली आणि अण्णांचे दोन हात पुरेनात. ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. "त्या कडूबाईला माझ्या हाताखाली द्या. शिकवतो मी."

"आणि झाडलोट?" हेडक्लार्क भिमाजीरावांनी विचारलं.

"दुपारची तिची झाडलोट वाटून द्या," बाई म्हणाल्या. "आणि शिकण्याची वेळ कामातच धरा. दिवसभर राबून दमलेलं माणूस वर आणखी काय शिकणार?"

दुपारचा व्हरांडा दुसऱ्या झाडूवालीच्या, लंकाबाईच्या वाट्याला आला. ती कुरकुरली, पण तिनं झाडला.

कडूबाई शिकू लागली. काळोखात बोटांनी फिल्मची कड ओळखायची, चौकटीत ताणून बसवायची, कोणत्या पाण्यातून कोणत्या पाण्यात न्यायची. डाव्या-उजव्या अंगासाठी शिशाची दोन इंग्रजी अक्षरं फिल्मवर ठेवावी लागत. तिला मराठीच जेमतेम वाचता यायचं. अण्णांनी एक अक्षर तिच्या तळहातावर ठेवलं. "हे डावं. कसं दिसतं?"

"घराच्या कोपऱ्यावानी."

"मग डावीकडं कोपरा. बास."

आणि एके दिवशी तिच्या हातून घात झाला. नव्या फिल्मांचा खोका उघडा होता, हात पुसायचं फडकं सापडेना, आणि लाल दिव्याच्या शेजारचं दुसरं बटण तिनं दाबलं. खोलीभर पांढरा लख्ख उजेड पडला. उजेड लागून अख्खा खोका वाया गेला. कडूबाईनं पदर सावरला आणि कुणाशी न बोलता घर गाठलं. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही.

तिसऱ्या प्रहरी अण्णा सायकलवरून दारात आले. गहिनीनाथानं घोंगडी अंथरली. कडूबाई चुलीपाशीच बसून राहिली.

"मला न्हाई जमायचं, अण्णा. मी आपली झाडते."

"बाईंनी काल वायरमन बोलावला," अण्णा म्हणाले. "पांढऱ्या दिव्याचं बटण दाराबाहेर नेलं. दोन्ही बटणं शेजारी ठेवली, हीच चूक, म्हणाल्या. उद्या कधी येतेस, एवढंच विचारलंय."

 कडूबाईनं चहा ठेवला.

वर्षभरानं तिला पुण्याला सहा महिने शिकायला पाठवायचं ठरलं. दवाखानाच पाठवणार होता, नोकरी राखून. ती घाबरली ती गहिनीनाथाला विचारायला. त्यानं मोडून जुळलेल्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाला, "जा. भाकरी मी थापीन, वाकड्यातिकड्या हुतील. माजं हाड बघून तू हितं आलीस; लोकांची बी बघ."

पुण्यात तिला स्वप्नं पडत ती पाण्याची. कुठल्याशा अथांग हौदातून सगळं पाथर्डी वर येतंय, आधी डोंगर, मग बाभळी, मग माणसं, असं काहीसं.

परत आली तेव्हा मशीनजवळ तिच्यासाठी अण्णांनी उंच स्टूल करून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी खडीच्या कामावरची एक बाई आली, मालनबाई. डावं मनगट सुजलेलं, वर हिरव्या बांगड्या. त्या उतरवायला ती तयार होईना. नवरा ऊसतोडीला लांब गेलेला, हात मोकळा कसा करायचा? कडूबाईनं बळजबरी केली नाही. बांगड्या अलगद कोपराकडं सरकवल्या, हात नीट ठेवला, घराच्या कोपऱ्यावानी दिसणारं ते शिशाचं अक्षर फिल्मवर ठेवलं, एक्स-रे घेतला आणि आत गेली.

लाल उजेडात फिल्म वर उचलली. मनगट आलं, त्यात केसाएवढी चीर. आणि वरच्या बाजूला, हाडांभोवती, बांगड्यांची वर्तुळं तरंगत होती, पुनवेच्या चंद्राला खळं पडावं तशी.

सुकल्यावर तिनं ती मालनबाईला खिडकीशी धरून दाखवली.

"ही मीच का?" मालनबाईनं हळूच विचारलं.

"तूच," कडूबाई म्हणाली. "बघ, बांगड्या शाबूत हायत."