लाल पेनचा जोडीदार

नवऱ्याच्या त्या खुसुखुसु हसण्याची भानुमतीला शिसारी यायची. पस्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती साताऱ्याहून फरीदाबादला आली, तेव्हा हिंदी त्यानेच शिकवली. शिकवली कसली, चुका वेचल्या! श्यामकांत सरकारी कचेरीत अनुवादक. दुसऱ्याच्या कागदावर लाल पेन फिरवण्यात हयात गेलेली. तिची पहिल्या वर्षाची हिंदी तो अजूनही पाहुण्यांना साभिनय करून दाखवायचा, आणि पाहुणेही मेले पोट धरून हसायचे.

आता मुलगी सृष्टी जर्मनीत, जावई तिकडचाच. पाच वर्षांच्या अंशुमनला मराठीचं अक्षर कळत नाही. नातवाशी मध्ये कुणी दुभाषी न घेता बोलावं, एवढीच भानुमतीची इच्छा. निवृत्त श्यामकांत लगेच जर्मन शिकायला वही घेऊन बसला.

"चलो, जोडीनं शिकू. भाषा एकट्यानं येत नाही, बिल्कुल नाही!"

दोन दिवसांत लाल पेन निघालं. ती तोंड उघडते न उघडते तोच त्याचं खुसुखुसु सुरू. आठव्या दिवशी तिने वही मिटली.

"तुमचं तुम्ही शिका. मला उबग आलाय."

मग मटार सोलता सोलता फोनवरचे धडे सुरू झाले. फोन हसत नाही, हे केवढं सुख! पण आपण काही विचारावं तर तो उत्तरही देत नाही. सगळा हिवाळा ती मटारांशी जर्मन बोलली. जिभेला वळण आलं, तरी समोर माणूस आला की वाक्य अर्ध्यावरच सोडायची.

रविवारी व्हिडिओ कॉल लागला. श्यामकांतने वहीतली वाक्यं घडाघडा वाचली. अंशुमनने काहीतरी विचारलं, तर हा पानंच उलटत बसला. भानुमती पुढे सरकली. अडखळली, चुकली. पोराने चुकलेला शब्द नीट म्हणून दाखवला आणि आपल्या गाडीचं चाक कुठे हरवलं ते सांगू लागला. बस्स, एवढंच! ती पुन्हा बोलली, पुन्हा चुकली. शेजारून खुसुखुसु आलंच.

अंशुमन बोलता बोलता थांबला. त्याने आजोबांकडे बोट दाखवून आजीला एक प्रश्न विचारला.

"काय म्हणतोय गं?" श्यामकांत पेन सरसावून वाकला. त्या पेनचीसुद्धा तिला किळस आली.

"विचारतोय, आजोबा का हसतायत," भानुमतीने फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "सांगा की त्याला. जर्मनमध्ये."