व्याह्यांनी घरी केलेली मोटार

जी वस्तू दुकानात तयार मिळते ती घरी करून पाहिल्याशिवाय विकत घेणं हा निव्वळ आळस आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी सबंध आयुष्यात एकच पाहिला, आणि मुलांनो, तो नेमका तुमच्या वाट्याला आजोबा म्हणून आला. म्हणजे तुमच्या बाबांचे बाबा, माझे व्याही. तुम्ही त्यांना नागपूरचे आजोबा म्हणता. नागपूर सुटून त्यांना एक जमाना झाला आणि आता ते इथे टेक्सासमध्ये, शुगर लँडला, तुमच्या मामाच्या, म्हणजे आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात, पण नाव तेच राहिलं. मागच्या रविवारी तुम्ही न्यूझीलंडहून फोन करून त्यांना विचारलंत की गाडीचं शेवटी काय झालं, तर त्यांनी तुम्हाला गिअरबॉक्सबद्दल पुष्कळ सांगितलं असं कळलं. झालं काय ते त्यांनी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाहीत. म्हणून मी पहिल्यापासून नीट लिहून पाठवते.

त्यांच्या घरात साबण घरचा, खुर्च्या घरच्या आणि दारावरची घंटाही घरची; ती वाजवली की स्वयंपाकघरातला दिवा जातो, त्यामुळे माहीतगार माणसं दारावर टकटक करतात. केस ते स्वतःच कापतात, दोन आरशांच्या मध्ये उभं राहून. समोरून अगदी सभ्य दिसतात. मागून पाहिलं की न्हावी मध्येच घाईनं उठून गेल्यासारखं वाटतं. मी एकदा पुरणपोळ्या घेऊन गेले तर त्यांनी खिशातून जाडी मोजायची पट्टी काढली, पोळी ठिकठिकाणी मोजली आणि म्हणाले, "ताई, कडेला जाड होऊन राहिली." मग तुपाबरोबर दोन खाल्ल्या आणि तिसरी मागितली. जन्मभर तेलाच्या पाइपलाइनी तपासलेला इंजिनिअर आहे. त्याच्या हातात पोळीसुद्धा आधी वस्तू असते, मग खाद्य.

तुमच्या आईबाबांच्या लग्नात याच स्वभावानं थोडं दुखावलं होतं. तुमच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, स्वतः दुकानं पालथी घालून व्याह्यांसाठी सुटाचं उंची कापड निवडलं होतं. आहेराच्या वेळी व्याह्यांनी ते हातात घेतलं, धाग्याची तारीफ केली आणि परत ठेवलं. सूट त्यांनी घरीच शिवला होता, आणि दुसऱ्या सुटाची माणसाला गरज काय, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. मनात काही वाकडं नव्हतं. त्या घरच्या सुटाची एक बाही दुसरीपेक्षा आखूड होती, हे मांडवात सगळ्यांना दिसत होतं आणि ते स्वतः ते कौतुकानं दाखवत होते. पण तुमच्या आजोबांनी कापड घडी करून कपाटात ठेवलं आणि त्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. तुमचे आजोबा वारल्यावर कुणीतरी ही गोष्ट व्याह्यांच्या कानावर घातली असावी, कारण तेव्हापासून माझ्या घरून गेलेली एकही वस्तू त्यांनी नाकारलेली नाही. कारल्याची भाजीसुद्धा नाही, आणि कारलं त्यांना विषासमान आहे.

तर गाडी. निवृत्त झाल्यावर त्यांच्या दारात मोठाले पेटारे येऊन पडले. आत एका स्पोर्ट्‌स कारचे सुटे भाग होते: बिनछताची, दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली मोटार, जी घेणाऱ्यानं घरी बसून जोडायची. बरोबर सूचनांचं जाड पुस्तक होतं. ते त्यांनी वाचलं, पण वादात उतरलेला माणूस विरुद्ध पक्षाचं भाषण ऐकतो तसं. वर्षभरात गाडी रस्त्यावर येईल, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि पुढेही दरवर्षी तितक्याच खात्रीनं सांगत राहिले. नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत गेले. त्यामुळे त्या घरात श्रीखंड फार खाल्लं जाई, आणि पाहुण्यानं भलताच डबा उघडला की त्याची निराशा होई.

गॅरेजमध्ये जो कोणी डोकावेल त्याच्या हातात ते काहीतरी धरायला देत. मी चहाला गेले असताना एकदा त्यांनी मला साडीसकट त्या सांगाड्यात बसवलं. ब्रेकच्या नळीतली हवा काढायची होती. ते गाडीखाली आडवे, फक्त चपला बाहेर, आणि तिथून आवाज येई: "दाबा ताई. धरून ठेवा. सोडा." मी कॉलेजात इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण माझ्या एकाही विद्यार्थिनीनं माझं इतकं निमूटपणे ऐकलं नसेल. एकदा 'धरून ठेवा' झालं आणि 'सोडा' काही येईना. मी पेडल दाबून बसले. बऱ्याच वेळानं विहीणबाई, म्हणजे तुमची नागपूरची आजी, मला शोधत आल्या आणि म्हणाल्या, "अहो ताई, ते हार्डवेअरच्या दुकानात गेले ना केव्हाचे." तरी मी पाय काढला नाही. ब्रेकसारख्या गोष्टीत अर्धवट काम मला आवडत नाही.

आणि सामान. पेटाऱ्यांत जे नव्हतं ते इथल्या दुकानात मिळत असूनही ते भारतातून मागवत, आणि तेही माणसांकरवी. शुगर लँडमधलं कुणीही मराठी माणूस भारतात निघालं की विमानतळाआधी त्याला यांचा फोन जाई. आरसे आले ते कुणाच्या तरी चकलीच्या भाजणीबरोबर. भोंगा एका नवपरिणीत जोडप्यानं आणला. मी पुण्याला गेले तेव्हा माझ्या वाट्याला समोरचे दोन दिवे आले. नाना पेठेतल्या दुकानातून घेतले, गोल, चकचकीत कडेचे, आणि माझ्या दोन चांगल्या साड्यांत गुंडाळून आणले. इथल्या विमानतळावर साहेबानं बॅग उघडली, साडी उलगडली, दिव्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहिलं. मी त्याला स्पष्ट इंग्रजीत सांगितलं की हे माझ्या मुलीच्या सासऱ्यांसाठी आहेत. त्यानं अदबीनं दिवे परत गुंडाळले आणि लोणचं काढून घेतलं.

तुमच्या नागपूरच्या आजीनं हे सगळं कसं सोसलं, हे तिलाच ठाऊक. गॅरेज एकच गाडी मावेल एवढं, आणि त्यात ही बसलेली. त्यामुळे तिची स्वतःची चंदेरी गाडी वर्षानुवर्षं बाहेर उन्हात. दर दसऱ्याला ती आपल्या गाडीला हार घाली. व्याही दरवेळी विचारत, "अन् माझ्या गाडीला?" त्यावर ती म्हणे, "चालत नाही त्याला वाहन नाही म्हणत. तुमचे पाने-हातोडे तेवढे द्या, शस्त्रांत ठेवते." ते मुकाट्यानं पाने धुऊन आणून देत.

मग त्या सप्टेंबरात ते मोठं चक्रीवादळ आलं. तुम्हाला फोटो पाठवले होते. सकाळी आम्ही त्यांच्याकडे पाहायला गेलो तर शेजारच्या ओक झाडाची फांदी बरोबर विहीणबाईंच्या गाडीवर पडलेली. गॅरेजमधल्या गाडीला ओरखडासुद्धा नाही. विहीणबाई ओरडल्या नाहीत, हेच मला भीतिदायक वाटलं. त्यांनी फांदीखालच्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि नवऱ्याला सांगितलं, "दसऱ्यापर्यंत तुमची गाडी सरकारनं पास केली तर राहील. नाही तर तो फ्रिस्कोचा डेंटिस्ट मागून राहिला ना, त्याला देऊन टाका." डॅलसजवळच्या फ्रिस्कोतला एक दंतवैद्य खरंच कधीपासून गाडी मागत होता. व्याह्यांनी मान डोलावली. त्यांनाही ती फांदी दिसत होती.

पुढचे दिवस त्यांनी जे काम केलं ते मी पाहिलेलं आहे. गप्पा बंद, वाद बंद. सूचनांचं पुस्तकसुद्धा त्यांनी शब्दशः पाळलं. दसऱ्याच्या चार दिवस आधी गाडी ट्रेलरवर चढवून ते तपासणीला घेऊन गेले. संध्याकाळी मी त्यांच्यासाठी चहाला थांबून राहिले, पण ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. फोन केला तर म्हणाले, थोडं राहिलं आहे, किरकोळ. आवाज असा की मी पुढे विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी विहीणबाईंचाच फोन आला. डेंटिस्ट परवा ट्रेलर घेऊन येणार, असं ठरलं होतं. मी म्हटलं, ब्रेक लागले नाहीत का? मला माझ्या पायाची काळजी वाटली. त्या म्हणाल्या, ब्रेक उत्तम, भोंगा उत्तम, तपासणाऱ्या बाईनं तर गाडीसोबत आपला फोटो काढून घेतला. नापास झाले ते दिवे. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून आपल्या दिव्यांचा उजेड रस्त्याच्या डाव्या कडेला पडेल अशी त्यांची काच घडवलेली असते. इथे डावीकडे समोरून येणारा माणूस असतो. त्याचे डोळे दिपतात. स्क्रू कितीही पिळले तरी काच काही बदलत नाही.

"मग दुसरे दिवे बसवा की," मी म्हटलं. "कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतील."

विहीणबाईंनी आवाज खाली आणला. मग म्हणाल्या, "ताई, रागावू नका. दिवे तुम्ही आणलेले. हे म्हणतात, त्या घरची वस्तू एकदा परत केली, आता गाडी गेली तरी चालेल, पण दिवे नाही काढणार. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली आहे."

मी फोन ठेवला आणि आधी हसले. मग बसून राहिले. इतक्या वर्षांची मेहनत एक माणूस माझ्या मानासाठी ट्रेलरवर चढवून द्यायला निघाला होता, आणि मला कळूही देणार नव्हता. मानपानाचा तिढा समजावून सुटत नसतो. तो मानपानानंच सोडवावा लागतो.

तुमच्या मामाला घेऊन मी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथला मनुष्य संगणकासमोर बसून विचारू लागला, गाडी कुठल्या कंपनीची, मॉडेल कोणतं, साल कोणतं. मी सांगितलं, घरी केलेली आहे. त्याला ते कुठे टाइप करायचं कळेना. शेवटी मी पर्समधून शिवणाची टेप काढली. दिव्याचं माप विहीणबाईंकडून आधीच गुपचूप मागवून ठेवलं होतं. दोन्ही दिवे मापून घेतले. घरी आल्यावर त्यांना हळदकुंकू लावलं, ताटात ठेवले, बाजूला नारळ आणि विड्याची पानं ठेवली, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी चांगली साडी नेसून त्यांच्या दारी गेले. घंटा वाजवली नाही.

व्याही गॅरेजमध्ये स्टुलावर बसले होते. हातात काहीच नव्हतं. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊसाहेब, दसऱ्याचा आहेर आणला आहे," मी म्हटलं.

त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग घरात, विहीणबाई होत्या त्या बाजूला. "गाडीला दिवे आहेत ना, ताई. तुम्हीच तर आणले."

"ते पहिले. हे दुसरे. आमच्याकडची वस्तू तुम्ही परत करत नाही, असं ऐकलं आहे. मग हेही करता येणार नाहीत. कुठले लावायचे ते तुमचं तुम्ही ठरवा."

त्यांनी नारळाची शेंडी सरळ केली. मग म्हणाले, "त्या सुटाच्या कापडाचं... त्यांना फार वाईट वाटलं होतं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण तुमच्या आजोबांना ते आवडलं नसतं. "वाटलं होतं," मी म्हटलं.

"घ्यायला पाहिजे होतं मी."

"पाहिजे होतं. आता दिवे घ्या."

त्यांनी पॅंटला हात पुसले, उभे राहिले आणि ताट दोन्ही हातांनी घेतलं. वाकून ताट कपाळाला लावलं. मग क्षणभर थांबून, जाडी मोजायची पट्टी काढून दिव्याची कड तपासली. मला तेव्हा खरा धीर आला.

दसऱ्याच्या दिवशी मी आणि विहीणबाई दारात निरांजन तयार ठेवून उभ्या होतो. दोघी हवेबद्दल बोलत होतो आणि दोघींचं लक्ष रस्त्याकडे. गाडी दिसण्याआधी ऐकू आली. मग कोपऱ्यावरून वळली, ट्रेलरशिवाय, आपल्या चाकांवर. काचेवर तपासणीचं स्टिकर. विहीणबाईंनी डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला की निरांजनाची वात हलली. मी पायरीवर बसून घेतलं. विहीणबाईंनी डेंटिस्टला फोन केला तर त्यानं वाईट वाटून न घेता पास झाल्याबद्दल अभिनंदन केलं. मग त्यांनी नवऱ्याला ओवाळलं आणि गाडीला झेंडूचा हार घातला. यंदा व्याह्यांना विचारावं लागलं नाही.

आता दुरुस्त झालेली चंदेरी गाडी गॅरेजमध्ये असते आणि घरची गाडी बाहेर, तिच्या मागे, ताडपत्रीखाली. व्याही ती अगदी हळू चालवतात. सायकलवरची मुलं त्यांना मागे टाकून जातात. ऊन उतरलं की दोघं तळ्यापर्यंत जाऊन येतात. डोक्याला रुमाल बांधून विहीणबाई शेजारी बसतात. मी एकदा विचारलं, कसं वाटतं हो त्यात? त्या म्हणाल्या, "इंजिनच्या आवाजात एकमेकांचं काही ऐकू येत नाही. पण शेजारी बसून बरं वाटतं." संध्याकाळी गाडी आमच्या घरासमोरून जाते तेव्हा मी बाहेर येते. बोलणं शक्य नसतं, म्हणून ते नुसता हात करतात. मीही करते, आणि ती दोघं वळणापलीकडे जाईपर्यंत उभी राहते.